काँक्रीटच्या पंपाचा बिनतारी लगाम

घनसावंगीच्या बाजूला ज्यांचें गांव असेल त्यांना घराच्या स्लॅबचा दिवस आठवत असेल. अंगणांत गरगरणारा मिक्सर, शिडीवर उभी राहिलेली माणसांची रांग, आणि या हातांतून त्या हातांत वर चढणारीं घमेलीं. खालच्याला वरचा दिसत नसे; वरून "थांबा" अशी हाक आली कीं ती माणसामाणसांतून खालीं पोंचे. मोठ्या बांधकामावर आतां ही रांग राहिलेली नाहीं. ट्रकच्या पाठीवर घडी घातलेला पोलादी हात उघडतो, तीस-चाळीस मीटर पुढें जातो, आणि टोकाच्या रबरी नळींतून काँक्रीट पडूं लागतें. या हाताला हलविणारा चालक मात्र ट्रकपाशीं नसतो. तो वर, स्लॅबच्या कडेला, कमरेला एक पेटी बांधून उभा असतो. आजचें भाषण त्या पेटीविषयीं आहे.

दुरून यंत्राला आज्ञा करण्याची कल्पना नवी नव्हे. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यांत बिनतारी लहरींनीं पलीकडच्या खोलींतील घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. १८९८ सालीं निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्कमध्यें पाण्यावर एक लहानशी नाव कोणी स्पर्श न करतां चालविली. पण घंटा एखादे वेळीं वाजली नाहीं तर कोणाचें बिघडत नाहीं. येथें मात्र टनावारी पोलाद माणसांच्या डोक्यावर लोंबत असतें, आणि नळीचें टोक धरून एक मजूर उभा असतो.

म्हणून विश्वासू पेटी म्हणजे जिचा संदेश कधींच तुटत नाहीं ती, असें समजूं नये. अशी पेटी कोणी बनवूं शकणार नाहीं. संदेश तुटतांच जिचें यंत्र निमूटपणें थांबतें, ती विश्वासू. आपल्या घरचा रेडिओ मधेंच मुका झाला तर आपण फार तर चार शब्द बोलतों. पंपाच्या बाबतींत मुकेपणा हीच आज्ञा असते. चालक दांडीला हात लावो अगर न लावो, पेटी एका सेकंदांत अनेक वेळां "मी आहें, मी आहें" असें सांगत राहते. ही हजेरी अर्ध्या सेकंदाच्या आसपास चुकली, कीं ट्रकवरील ग्राहक तेलाचा दाब सोडून देतो आणि हात जागच्या जागीं स्थिर होतो. चालकानें दांडी सोडली कीं ती स्प्रिंगनें मध्यभागीं परत येते. पेटी सुरू करतांना एखादी दांडी कललेली असेल, तर यंत्र हलण्यास नकार देतें.

दुसरा प्रश्न ओळखीचा. एकाच आवारांत दोन पंप आणि एक क्रेन असेल तर कोणाची आज्ञा कोणी ऐकावी? प्रत्येक संदेशाच्या आरंभीं त्या पेटीचा स्वतःचा क्रमांक असतो. तो जुळला नाहीं तर ग्राहक कानाडोळा करतो. संदेशाच्या शेवटीं वाण्याच्या बिलाखालीं बेरीज असावी तशी एक तपासणीची संख्या असते. बेरीज चुकली कीं सारा संदेशच रद्द. अर्धवट ऐकून अंदाजानें वागणें या यंत्रास मना आहे.

भारतांत ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीं, शक्तीची मर्यादा घालून, परवान्यावांचून वापरण्यास मोकळा झाला. मोकळ्या रस्त्यावर गर्दी व्हावयाचीच! त्यावर उपाय म्हणजे लहरीची जागा सारखी बदलणें. हेडी लमार ही नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनीं १९४२ सालीं टॉर्पेडोसाठीं याच युक्तीचें पेटंट मिळविलें होतें. त्यांत पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८, जागा धरल्या होत्या. शिवाय जालन्याच्या कारखान्यांतून येणाऱ्या सळयांची दाट जाळी स्वतःच लहरींना अडविते व परतविते. एका जागीं ऐकूं न येणारी लहर दुसऱ्या जागीं ऐकूं येते, म्हणूनही हें उडी मारणें कामास येतें.

थांबणें सुरक्षित खरें, पण फुकट नव्हे. मिक्सर-ट्रकमध्यें माल भरल्यापासून साधारण दोन तासांत तो ओतून संपवावा असा भारतीय मानकाचा नियम आहे. नळींत तो अडकून घट्ट झाला तर नळ्या सोडवून फोडाव्या लागतात. एका कामावर मीं पाहिलें, पेटीची बॅटरी उतरली आणि राखीव बॅटरी भारित करण्याचें कोणासही सुचलें नव्हतें. उन्हांत चाळीस मिनिटें सारे एकमेकांकडे पाहात होते. इतक्या हुशार पेटीची ही कथा!

अशा वेळेसाठीं ट्रकमध्यें एक लांब केबल गुंडाळून ठेवलेली असते. ती जोडली कीं काम पुढें चालतें. पण पेटीचा एक मोठा लाभ तेव्हां जातो. पोलादी हात विजेच्या तारेला लागला तर सारा ट्रक विजेनें भारला जातो. बिनतारी पेटीचा चालक दूर उभा असेल तर त्याचा ट्रकशीं धातूचा संबंध नसतो. केबलनें तो संबंध पुन्हा जुळतो. नळी धरणाऱ्या मजुराला मात्र ही सूट दोन्ही वेळीं नाहीं. वरून गेलेली तार पेटीला दिसत नाहीं. ती चालकानेंच, हात उघडण्यापूर्वीं, मान वर करून पाहावयाची असते.