पाळी गेल्यावरची हाडं आणि माहेरचा वारसा

एकीचीच कंबर का वाकते?

कोकणातल्या मिरकरवाडा बंदरावर पाट्या उचलत, मासळी निवडत-वाळवत दोन शेजारणी साठीला पोचतात. काम सारखं, ताटही जवळपास सारखंच. तरी एकीचा मणका दबून उंची घटते, दुसरी ताठ चालते. ‘तिच्या आईचंही असंच झालं होतं,’ असं वाडीत म्हणतात. ते खोटं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार, माणसामाणसांतल्या अस्थिघनतेच्या फरकात निम्म्याहून अधिक वाटा आनुवंशिकतेचा असतो.

इस्ट्रोजेनचा आवर

हाड आयुष्यभर पोखरलं जातं आणि भरलंही जातं. पोखरणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक आवरून धरतं. पाळी गेली की हा आवर सुटतो आणि पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. पाश्चात्त्य देशांत पाळी साधारण ५१व्या वर्षी जाते, भारतात सरासरी ४६-४७व्या वर्षी. आपल्याकडे झीज तेवढी आधी सुरू होते.

जनुकांचा भाग

इस्ट्रोजेन रक्तात असून भागत नाही. पेशीतल्या ग्राहकाने ते ओळखावं लागतं. १९९४ साली अमेरिकी डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. त्याचा हा ग्राहकच निकामी होता. उंची २०४ सेंटिमीटर, तरी वाढ थांबलेली नाही आणि हाडं ठिसूळ! हाडांना इस्ट्रोजेन पुरुषातही लागतं, हे त्यातून कळलं.

असा मोठा बिघाड अतिदुर्मीळ. सर्वसामान्य बायकांत ‘ईएसआर१’ या ग्राहक-जनुकात बारीक फरक असतात. युरोपात सुमारे १९ हजार जणांच्या अभ्यासात (२००४) या जनुकाचं एक विशिष्ट रूप दोन्ही पालकांकडून मिळालेल्या स्त्रियांत मणक्याचे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी कमी आढळले. गंमत म्हणजे अस्थिघनतेत फरक नव्हता. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांना मात्र पाळी गेलेल्या भारतीय स्त्रियांत याच जनुकाचा घनतेशी संबंध दिसला. युरोपचे निष्कर्ष कोकणात जसेच्या तसे लावू नयेत ते यासाठीच.

दुसरं जनुक अ‍ॅरोमाटेज या विकराचं. पाळी गेल्यावर उरलंसुरलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत, याच विकरामुळे तयार होतं. फार सडपातळ बाईला धोका अधिक, त्याचं एक कारण हे.

‘ड’ जीवनसत्त्वाच्या ग्राहक-जनुकाचा १९९४ साली मोठा गाजावाजा झाला. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो बहुतेक विरला. आता हाडांशी जोडलेल्या जनुकस्थानांची संख्या पाचशेवर गेली आहे आणि बहुतेकांचा एकेकट्याचा परिणाम चिमूटभर.

मग तपासणी कशाची?

म्हणून जनुक-चाचणीच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत, असं माझं मत. आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, हा फुकटचा प्रश्न अधिक कामाचा. अस्थिभंगाचा धोका मोजणाऱ्या ‘फ्रॅक्स’ या पद्धतीतही तो विचारतात. अस्थिघनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला, तर हाडं ठिसूळ झाली आहेत असं मानतात.

काट्यासकट खाल्लेली मांदेली कॅल्शियम देते. उन्हात राबूनही अंग कायम झाकलेलं असेल तर ‘ड’ जीवनसत्त्व कमी असू शकतं, ते तपासून घ्यावं.

आणि ‘पिशवी काढलेली आहे’ एवढंच डॉक्टरांना सांगून थांबू नये. कितव्या वर्षी काढली आणि अंडाशयंही काढली का, हे जुन्या कागदांत पाहून सांगावं. चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं गेली असतील, तर हाडांचं नुकसान एखाद्या जनुकातल्या अशा बारीक फरकापेक्षा मोठं असतं.