किंमत शून्य, काम चालू

बँकेच्या जमाखर्चात संगणकाला तीन वर्षांचे आयुष्य असते. दरसाल एक तृतीयांश घसारा लावला की त्याची पुस्तकी किंमत संपते. यंत्र मात्र टेबलावर निमूटपणे चालूच राहते. अशी यंत्रे शहरातल्या कचेऱ्यांतून निघतात, जुन्या मालाच्या दुकानांत फिरतात आणि एखादे शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीसारख्या गावी, कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या हाती येते.

या यंत्रांपुढे आता नवा पेच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. घरगुती ग्राहकांना मुदतवाढ देऊ केली, तीही एका वर्षाची. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट यंत्र दारातच अडवले जाते. नवे घ्यायचे तर तीस-चाळीस हजार रुपये. भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या घराला ही रक्कम म्हणजे कर्जच.

यावर एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. पुढे जगभरच्या मंडळींनी त्यावर इमारत उभारली. या इमारतीची गंमत अशी की घर तेच ठेवून ओटी बदलता येते. पडद्यावर दिसणारी चित्रे, खिडक्या, खालची पट्टी या साऱ्याला ‘डेस्कटॉप’ म्हणतात. सजवलेली ओटी हवी असेल तर जास्त मेमरी मोजावी लागते. साध्या ओटीला थोडक्यात भागते.

अशा साध्या ओट्या बऱ्याच आहेत. फ्रान्सच्या ऑलिव्हिए फूर्दां यांनी १९९६ मध्ये एक्सएफसीई सुरू केली. २००६ मध्ये तैवानमधून एलएक्सडीई आली; तिचीच पुढची पिढी एलएक्सक्यूटी. अर्जेंटिनातल्या एकाने २०११ मध्ये जुन्या वळणाचा डेस्कटॉप जपण्यासाठी ‘माते’ काढला आणि तिकडच्या चहासारख्या पेयाचे नाव त्याला दिले. विंडोजची सवय असलेल्याला एक्सएफसीई आणि माते लवकर अंगवळणी पडतात. मेमरी २ जीबीच असेल तर एलएक्सक्यूटी पाहावी.

हलक्या डेस्कटॉपची ओळख आपल्या परिसराला नवी नाही. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीवजा गावी २००७ साली ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. एकशिक्षकी शाळा, वीस-बावीस मुले. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रांत मेमरी होती अवघी २५६ एमबी, आणि त्यावर लिनक्सवरचा ‘शुगर’ नावाचा डेस्कटॉप चालत होता. आज अडगळीत पडलेल्या लॅपटॉपमध्येही याच्या आठपट मेमरी सहज सापडते.

मात्र या उपायाच्या मर्यादाही नीट समजून घ्याव्यात. डेस्कटॉप हलका झाला म्हणून इंटरनेटची पाने हलकी होत नाहीत. २ जीबीच्या यंत्रावर एका वेळी दोन-तीनच पाने उघडावीत. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल तर ते विंडोजसाठीचे आहे, घाई करू नये. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली कागदपत्रे आधी युनिकोडमध्ये आणून घ्यावीत. नव्याने मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच. फार जुन्या, ३२-बिट यंत्रांसाठी पर्याय आटत चालले आहेत. डेबियनसारख्या मातब्बर प्रकल्पानेही ऑगस्ट २०२५ मधल्या तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. आणि बॅटरी मेलेली असेल तर पावसाळ्यात वीज गेली की लिहिलेलेही जाते. त्यावर कुठल्याच डेस्कटॉपकडे औषध नाही. उलट, जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर होणारा फरक डोळ्यांना दिसतो.

आठ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर उतरवलेले लिनक्स, एवढ्यावर लॅपटॉप सुरू करून पाहता येतो. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. वायफाय लागते का, आवाज येतो का, मराठी उमटते का, प्रिंटर ओळखतो का, हे बघावे. पेनड्राइव्हवरून सगळे जरा संथ चालते, तेवढी सूट द्यावी. पसंत पडले तरच आत बसवावे, आणि त्याआधी लग्नाचे फोटो, दाखले, गुणपत्रिका दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात; पूर्ण डिस्कवर नवे बसवताना जुने पुसले जाते.

खरी अडचण तंत्राची नसून सोबतीची असते. पहिल्या आठवड्यात काही अडले तर विचारायचे कोणाला? गावातला एखादा शिक्षक, सायबर कॅफेवाला किंवा कॉलेजचा विद्यार्थी हे शिकला तर दहा घरांची यंत्रे वाचतील. तोपर्यंत, नव्या लॅपटॉपसाठी कर्जाचा अर्ज भरण्याआधी एक रविवार या पेनड्राइव्हला द्यावा. यंत्र खरेच म्हातारे झाले आहे, की त्याच्या पाठीवरचे ओझेच वाढले आहे, हे दुपारच्या जेवणापर्यंत कळते.