आरोग्यसेवा : रहिवाशाला की नोकरदाराला?

मुलगी लंडनला, मुलगा न्यू जर्सीला अशी घरं पुण्या-मुंबईत आता नवलाची नाहीत. ‘तिकडे दवाखाना फुकट’ आणि ‘कंपनी सगळं बघते’ ही वाक्यं अशा घरांत हमखास ऐकू येतात. दोन्ही अर्धीच खरी आहेत.

गैरसमज : ब्रिटनमध्ये उपचार फुकट असतात.
वस्तुस्थिती : आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या पुढाकाराने ५ जुलै १९४८ रोजी तिथे ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस’ सुरू झाली. तिचा खर्च मुख्यतः करांतून भागतो. म्हणजे पैसे आधीच भरलेले असतात. आजारपणात बिल हातात पडत नाही, इतकंच. इंग्लंडमध्ये कमावत्या माणसांना औषधांच्या चिठ्ठीसाठी आणि दातांच्या उपचारांसाठी सहसा शुल्क द्यावं लागतं.

गैरसमज : सर्वांना आरोग्यसेवा म्हणजे सगळे डॉक्टर सरकारी.
वस्तुस्थिती : कॅनडात बहुतेक डॉक्टर स्वतःचा व्यवसाय करतात आणि बिल प्रांतिक सरकारला पाठवतात. १९६२ मध्ये सस्कॅचेवान प्रांताने ही वाट घालून दिली. मात्र दवाखान्याबाहेरची औषधं आणि दातांचा खर्च यांसाठी तिथेही अनेकजण नोकरीतल्या विम्यावरच विसंबतात.

गैरसमज : अमेरिकेत विम्याचा भार कंपनी उचलते.
वस्तुस्थिती : केएफएफ या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार, नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून गेले. कंपनीचा वाटासुद्धा अखेर पगारवाढीलाच कात्री लावतो, असं बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात. शिवाय बहुतेक योजनांत विमा लागू होण्याआधी ठरावीक रक्कम रुग्णाने स्वतः भरायची असते.

गैरसमज : अमेरिकी पद्धत निव्वळ बाजारातून आली.
वस्तुस्थिती : दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीवर निर्बंध घातले. माणसं टिकवायला कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या. पुढे १९५४ च्या करकायद्याने या विम्याची करसवलत पक्की केली. वृद्धांसाठीचं मेडिकेअर आणि गरिबांसाठीचं मेडिकेड १९६५ च्या कायद्याने आलं आणि ते मुख्यतः सरकारी पैशावरच चालतं.

गैरसमज : रांग फक्त सरकारी सेवेत असते.
वस्तुस्थिती : ब्रिटनमधली रांग खरी आहे. एकट्या इंग्लंडमध्ये २०२४ मध्ये नियोजित उपचारांच्या प्रतीक्षायादीवर ७० लाखांहून जास्त नोंदी होत्या. अमेरिकेत अडवणूक वेगळ्या ठिकाणी होते : विमा कंपनीची पूर्वपरवानगी, ठरलेल्या यादीतलेच डॉक्टर. २०२३ मध्ये तिथे सुमारे अडीच कोटी लोकांकडे विमाच नव्हता.

गैरसमज : नोकरी सुटली तरी तोच विमा पुढे चालू ठेवता येतो, मग काळजी कसली?
वस्तुस्थिती : अमेरिकेत ‘कोब्रा’ नावाच्या कायद्याने तो साधारण १८ महिने ठेवता येतो खरा, पण कंपनीचा वाटाही आता आपणच भरायचा, वर २ टक्क्यांपर्यंत व्यवस्थापन शुल्क. पगार थांबतो, नेमका तेव्हाच हप्ता कैक पटींनी वाढतो. ब्रिटन-कॅनडात नोकरी गेल्याने डॉक्टर सुटत नाही.

पैसा दोन्हीकडे लोकांचाच जातो. म्हणून परदेशातली नोकरी पारखताना पगाराच्या आकड्यासोबत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : हप्त्यात माझा वाटा किती, विमा लागू होण्याआधी खिशातून किती जाणार आणि नोकरी सुटली तर घरच्यांच्या उपचाराचं काय?