दोन दिवस नागपूर, कामाशिवाय

 

हप्ता, व्याज, वसुली यांबद्दल आपण नेहमीच बोलतो. आजही हिशेबाचंच बोलणार आहे, पण तो हिशेब आहे मौजेचा. दोन दिवस शहरात जाऊन खायचं, बाजार करायचा, रात्रीचे दिवे पाहायचे आणि परत यायचं. हे आपल्याला कसं जमेल, ते आज सांगते.

आपल्या पोंभुर्णा तालुक्यात नागपूर न पाहिलेली बाई तशी कमीच. पण ती कशासाठी गेली होती, ते विचारून पाहा. सासऱ्याला दवाखान्यात भरती केलं म्हणून, पोराच्या ॲडमिशनसाठी, कोर्टाच्या तारखेला, नाहीतर नणंदेच्या घरच्या लग्नात भाकऱ्या बडवायला. दवाखान्याच्या व्हरांड्यात आठ-आठ दिवस काढलेली बाई गावोगाव भेटते. पण बर्डीवर उभी राहून निवांत आइस्क्रीम खाल्लेली बाई शोधावी लागते.

आमच्या गटातल्या सहा जणी मागच्या जानेवारीत अशा गेल्या. कोणाचं काम नव्हतं, कोणी आजारी नव्हतं. घरून निघताना तेच सांगणं सगळ्यात जड गेलं. एक जण म्हणाली, "मी ट्रेनिंग आहे म्हणून सांगते." आमच्या मावशी म्हणाल्या, "पोरी, एकदा खोटं सांगून जाशील, तर दरवेळी खोटंच सांगावं लागेल. फिरायला चालली म्हण." दोन घरी कुरकुर झाली, एका घरी अबोला झाला. पण गेलो सहाही जणी.

आधी पैसा

गटाची बचत सहलीला लावायची नाही, हे पहिलं. तो पैसा अंतर्गत कर्जाचा आहे. कोणाला बियाणं घ्यायचं असतं, कोणाला दवाखाना. सहलीची पेटी वेगळी आणि वहीही वेगळी. आम्ही दर आठवड्याच्या बैठकीत २० रुपये वेगळे टाकले. वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे एकीचे १,०४० रुपये जमले. मध्येच जिला यायचं नसेल, तिला तिचे पैसे परत, हेही आधीच लिहून ठेवलं. खरेदी सोडून आम्हाला माणशी साधारण अकराशे रुपये लागले. वरचे जिचे तिने घातले.

तिकिटाचा भार हलका झालाय. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षं पूर्ण झालेल्या आजीला तर तिकीटच नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. नागपूर हद्दीतच आहे, काळजी नाही.

कधी आणि कसं

धान घरात आलं, चुरणं झालं आणि मोहफुलं पडायला अजून वेळ आहे, असा जानेवारी-फेब्रुवारीचा काळ आपल्याला बरा. मग मोह आला, पाठोपाठ तेंदूपत्ता आला की उसंत नाही. शनिवार-रविवार धरा, म्हणजे लेकरांच्या शाळेच्या डब्याची एकच सकाळ जाते.

रस्ते दोन. एक चंद्रपूरहून वरोरा, जांब, बुटीबोरी असा. चंद्रपूर ते नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. दुसरा मूलहून सिंदेवाही, नागभीड, उमरेड असा. जुन्या बायांना नागभीडची छोटी रेल्वे आठवत असेल. ती इतवारी स्टेशनापर्यंत जायची. रूळ मोठे करायचे म्हणून २०१९ साली ती बंद झाली. आपल्याला जवळ पडेल तो रस्ता धरा, पण पहाटेची पहिली गाडी पकडा.

मुक्कामाचं मात्र आधी ठरवा. आमची चूक झाली ती इथेच. बसस्टँडजवळच्या एका लॉजवर गेलो, तर काउंटरवरचा विचारतो, "सोबत माणूस कोण आहे?" मावशी म्हणाल्या, "आम्ही सहाही माणसंच आहो." तरी खोली दिली नाही. मैत्रिणींनो, बाईसोबत पुरुष असल्याशिवाय खोली देऊ नये, असा कोणताही कायदा नाही. पण संध्याकाळी भांडत उभं राहण्यापेक्षा दोन दिवस आधी फोन करा. "आम्ही सहा बाया येतो, खोली द्याल का, भाडं किती, पाणी गरम आहे का," हे विचारा आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. प्रत्येकीचं मूळ आधारकार्ड जवळ ठेवा. आम्हाला दुसऱ्या ठिकाणी चांगली खोली मिळाली, आतून कडी नीट लागते का तेही पाहून घेतलं.

बाजार

शनिवारी दुपारी इतवारी-गांधीबाग करा. नाव इतवारी असलं तरी तिथल्या घाऊक बाजारातली पुष्कळ दुकानं रविवारी बंद असतात. कापड, भांडी, मसाले यांच्या वेगवेगळ्या ओळी आहेत. घाऊक दुकानात एक साडी घ्यायला गेलात तर दुकानदार लक्ष देणार नाही. सहा जणींनी मिळून घेतलं की भाव बोलता येतो. आम्ही मुलींच्या ड्रेसचं कापड एका ठाणातून घेऊन वाटून घेतलं.

संध्याकाळी बर्डी, म्हणजे सीताबर्डी. तिथे जायला मेट्रो आहे. नागपूरची मेट्रो २०१९ साली सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या टप्प्याचे सगळे मार्ग चालू झाले. दोन्ही मार्ग सीताबर्डीलाच एकमेकांना मिळतात, त्यामुळे चुकलात तरी "सीताबर्डी" एवढं नाव विसरू नका. सरकत्या जिन्याची भीती वाटत असेल तर साडीच्या निऱ्या हाताने वर धरा आणि पायरीच्या मधोमध पाय ठेवा. तरीही नको वाटलं तर लिफ्ट आहे, साधा जिनाही आहे. लाजायचं काही नाही.

बर्डीवर घासाघीस चालते. आधी तीन दुकानांत भाव ऐका, मग तोंड उघडा. आणि एक नियम आम्ही केला होता: एक वस्तू तरी स्वतःसाठी. सहापैकी चौघींनी पिशव्या भरल्या त्या लेकरांच्या आणि नवऱ्याच्याच. मग मावशींनी त्यांना परत दुकानात पाठवलं.

खाणं

सकाळी तर्री पोहे खा. पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री ओततात. तिखट सोसत नसेल तर तर्री वेगळी मागा. दुपारी किंवा रात्री सावजी. हे जेवण नागपूरच्या विणकर हलबा कोष्टी समाजाच्या घरातून आलेलं. टाटांची एम्प्रेस मिल इथे १८७७ साली निघाली. हे शहर बराच काळ हातमागाचं आणि गिरणीचं शहर होतं. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा ही त्या चुलीची ओळख. मटणच हवं असं नाही, पाटोडीचा रस्साही मिळतो. आम्ही गेलो तेव्हा त्या भोजनालयात आम्ही सोडून सगळे पुरुष होते. आधी अवघडलो. मग रस्सा आला, नाकातून पाणी आलं, हसू आलं आणि अवघडलेपण गेलं. पित्त असेल त्या बाईने मात्र जपून.

घरी न्यायला संत्रा बर्फी घ्या. ती ओलसर असते, फार दिवस ठेवू नका. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण फळ घेताना मानांकन नाही, हातात वजन पाहून घ्या.

रात्र

आता खरी गोष्ट. आपल्याकडे दिवस मावळला की बाई घरात. वाघाची भीती खरीच आहे, आपल्या जिल्ह्याने किती माणसं गमावली ते तुम्हाला सांगायला नको. दुसरी भीती दारूची. इथल्या बायांनी मोर्चे काढले, २०१५ साली चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली, २०२१ साली ती उठली. म्हणून रात्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोणीतरी झिंगत घरी येतो. पण रात्र आपल्याला अगदी परकी नाही. हिवाळ्यात झाडीपट्टीचं नाटक असतं तेव्हा आपण ब्लँकेट गुंडाळून पहाटेपर्यंत बसतोच की! तेवढ्या रात्री कोणी विचारत नाही, कारण सगळं गाव सोबत असतं. सोबत असली की रात्र उजळते, एवढंच त्यातलं गमक.

आम्ही फुटाळा तलावावर गेलो. काठावर दिवे, कणसं भाजणारे, आइस्क्रीमच्या गाड्या, कट्ट्यावर कॉलेजच्या पोरी, नातवाला घेऊन आलेल्या आज्या. नऊ वाजून गेले तरी कोणाला घाई नव्हती. आमच्यातली एक बराच वेळ पाण्याकडे पाहत बसली आणि म्हणाली, "माझं लग्न होऊन बावीस वर्षं झाली. रात्री नऊ वाजता माझ्या हातात भांडं नाही, असं आज पहिल्यांदा झालं."

भीती सोडा, पण सावधपण सोडू नका. दोघी-दोघींची जोडी करा, जोडी तुटायची नाही. लॉजचा पत्ता प्रत्येकीच्या पिशवीत कागदावर हवा. पैसे दोन ठिकाणी ठेवा. मेट्रो रात्री दहाच्या सुमारास बंद होते, शेवटच्या गाडीची वेळ स्टेशनवर विचारून घ्या. ऑटोत बसण्याआधी भाडं ठरवा आणि गाडीचा नंबर घरी पाठवा. अडचण आली तर ११२ नंबर, बायांसाठी १८१.

रविवारी सकाळी दीक्षाभूमीला जाऊन आलो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे दीक्षा घेतली आणि दोनच दिवसांनी, १६ तारखेला, आपल्या चांद्याला येऊन दीक्षा दिली. दुपारची गाडी धरली. गावचा शेवटचा रस्ता जंगलातला आहे, अंधाराआधी घरी पोचा.

घरी काय झालं, विचाराल. भात थोडा करपला होता, कोंबड्या जिवंत होत्या. अबोला धरलेल्या घरात सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "त्या तलावावर म्हाताऱ्या बाया पण येतात का?"

पुढच्या वर्षी आम्ही सात जणी आहोत.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: काम नसताना आपण शेवटचं कुठे गेलो होतो? उत्तर आलं नाही, तर त्याच दिवशी पेटीत पहिले वीस रुपये टाका.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.