छायाचित्रातील पट्ट्यांची गाडी कशी ओळखावी?



मराठवाडा मुक्तिसंग्रामाला १९९८ साली पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने आम्ही कामगारांची एक सभा जालन्यात घेतली होती. सभेसाठी एका जुन्या छायाचित्राचा मोठा फलक करून घेतला. चित्रात लोखंडी पट्ट्यांवर चालणारी एक लष्करी गाडी होती आणि तीत तीन जवान बसलेले होते. त्याखालची ओळ मीच लिहून दिली होती : ‘जालन्यात शिरलेला भारतीय रणगाडा, सप्टेंबर १९४८.’ भाषणातही मी त्या रणगाड्याचा मोठ्या आवेशाने उल्लेख केला. टाळ्या पडल्या.

सभा संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ फलकाजवळ थांबले. त्यांची सारी नोकरी लष्कराच्या दुरुस्ती खात्यात झालेली. मला जवळ बोलावून ते म्हणाले, “भाऊ, रणगाडा म्हणता तुम्ही, मग याचा बुरूज कुठं आहे? तोफ कुठं आहे?” मी म्हटले, “काका, पट्टे तर आहेत ना!” ते हसले. “पट्टे म्हणजे रणगाडा नव्हे. चाकं मोजा.”

मी मोजली. एका बाजूस तीन. ती गाडी रणगाडा नव्हतीच. ती होती ‘युनिव्हर्सल कॅरिअर’, ज्याला जवान सरसकट ब्रेन कॅरिअर म्हणत. वरून उघडी, बुटकी, माणसे आणि मशीनगन वाहून नेणारी गाडी. अशा गाड्या लाखाच्या वर तयार झाल्या. त्या दिवसापासून युद्धकालीन छायाचित्रांकडे पाहण्याची माझी रीत बदलली. माझे शिक्षण शाळेत फारसे झालेले नाही. जे झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि अशा माणसांच्या हाताखाली. त्यातले थोडे आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, पट्टा चालतो कसा हे समजून घ्यावे. सायकलची साखळी डोळ्यांपुढे आणा. पायडलजवळचे दातेरी चाक साखळी ओढते. पट्ट्याच्या गाडीतही एक दातेरी चाक असते. त्याला इंजिनाची शक्ती मिळते आणि ते पट्टा ओढते. दुसऱ्या टोकाला पट्टा ताणून धरणारे मोकळे चाक असते, आणि मध्ये जमिनीलगतची चाके गाडीचा भार वाहतात. छायाचित्रात हे दातेरी चाक पुढे आहे की मागे, हे आधी पाहावे. अमेरिकन शेरमन रणगाड्यात ते पुढे आहे, युनिव्हर्सल कॅरिअरमध्ये मागे आहे. मग भार वाहणारी चाके मोजावीत. कॅरिअरला एका बाजूस तीन, शेरमनला सहा, ब्रिटिश चर्चिल रणगाड्याला तब्बल अकरा. अमेरिकेत बनलेला टी-१६ हा कॅरिअरचाच धाकटा भाऊ. त्याला मात्र चार. बुरूज धुळीत झाकला गेला, तोफ फांद्यांनी लपवली, तरी चाकांची मोजणी सहसा दगा देत नाही.

आता प्रश्न असा की, पट्टे आहेत पण दातेरी चाक कोठेच नाही, अशी वस्तू दिसली तर? येथे पुष्कळ जाणकारही फसतात. ती वस्तू मोडका रणगाडा नसून पट्ट्यांचा ट्रेलर असण्याचा संभव फार. आपल्या बैलगाडीला स्वतःची शक्ती नसते. ती दांडीला जोडलेली, बैलांनी ओढायची. हा ट्रेलरही तसाच. त्याला इंजिन नाही, चालकाची जागा नाही, धूर सोडणारी नळी नाही. पुढे एक मजबूत दांडी असते. त्याची सारी चाके गुळगुळीत असतात, कारण पट्टा फिरवायचे काम चाकाचे नाही. गाडी ओढली की जमीनच पट्टा फिरवते. शिकागोच्या ॲथे कंपनीचे असे ट्रेलर युद्धापूर्वीच बांधकामावर ट्रॅक्टरमागे माती-दगड वाहत. चिखलात रबरी चाक रुतते, पण पट्टा भार पसरवतो म्हणून तरतो. मग असे ट्रेलर सर्रास का वापरले नाहीत? कारण पट्ट्याच्या घर्षणात ओढणाऱ्याची शक्ती जाते आणि वेगही राहत नाही. चांगल्या रस्त्यावर चाकच बरे. म्हणून छायाचित्रात पट्ट्यांचा ट्रेलर दिसला, तर भोवतालची जमीनही पाहावी. बहुधा ती मऊ असते.

चाकांचे ट्रेलरही कमी महत्त्वाचे नव्हते. चर्चिल रणगाड्याचा ‘क्रोकोडाईल’ नावाचा एक प्रकार ज्वाळा फेकीत असे. त्याचे ४०० गॅलन इंधन मागच्या दोन चाकांच्या चिलखती ट्रेलरमध्ये असे आणि तो ट्रेलर साडेसहा टनांचा होता. छायाचित्रात तो ट्रेलर कडेला कापला गेला, तर साधा चर्चिल समजून आपण पुढे जातो. दुसरे उदाहरण ‘डायमंड टी’ या अमेरिकन ट्रकचे. त्यामागच्या बहुचाकी ट्रेलरवर रणगाडा चढवून नेत असत. रणगाडा लांब पल्ला स्वतः चालला तर त्याचे पट्टे आणि यंत्र झिजतात. अशा चित्राखाली ‘आगेकूच करणारा रणगाडा’ असे लिहिलेले असते. वास्तविक त्या क्षणी रणगाडा प्रवासी असतो आणि काम ट्रकचा चालक करीत असतो!

सर्वांत मोठी फसगत दुरुस्तीच्या गाडीने होते. बंद पडलेले रणगाडे ओढून आणण्यासाठी शेरमन आणि चर्चिल यांच्याच सांगाड्यावर खास गाड्या बनवीत. त्यांच्या काही प्रकारांवर न फिरणारा बुरूज बसवून त्यात चक्क खोटी तोफ लावीत, म्हणजे शत्रूने तिला निःशस्त्र समजू नये. येथे चाके मोजून भागत नाही. याऱ्या, जाड तारांचे वेटोळे, मागचा जमिनीत रुतवायचा रुंद फाळ अशी खूण शोधावी लागते. गाडीवर अवजारे दिसली की समजावे, ही लढणाऱ्याची नव्हे, कारागिराची गाडी आहे.

गाडीवर क्रमांक वाचता आला तर काम सोपे होते. ब्रिटिश लष्कराच्या पद्धतीत क्रमांकाआधीचे अक्षर प्रकार सांगते : रणगाडे व कॅरिअर यांना ‘टी’, लॉरीला ‘एल’, ट्रेलरला ‘एक्स’, मोटारसायकलला ‘सी’. तुकडीच्या खुणा मात्र सेन्सॉर अधिकारी पुष्कळदा खोडून टाकीत. आणि अक्षरे उलटी दिसली, तर छायाचित्र उलटे छापले गेले आहे हे ओळखावे. अक्षरे नसतील तेव्हा युनिव्हर्सल कॅरिअरचा चालक उजव्या बाजूस बसे, हे लक्षात ठेवावे.

इतके करूनही एक मर्यादा राहते, आणि ती न सांगणे लबाडी होईल. गाडी ओळखल्याने गाव कळत नाही. फार तर काळाची एक बाजू कळते. शेरमन प्रथम लढाईत उतरला तो १९४२ च्या ऑक्टोबरात, एल अलामीनला. तेव्हा शेरमनच्या लढाईचे चित्र त्याआधीचे असू शकत नाही, एवढेच. आमच्या फलकाचे तेच झाले होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. जालन्याच्या बाजूस पायदळाबरोबर १८ कॅव्हलरीचे काही रणगाडे होते. म्हणजे घटना खरी. परंतु माझ्या चित्रात रणगाडा नव्हता, आणि ते चित्र जालन्याचे होते याला छायाचित्रामागे एका अक्षराचाही आधार नव्हता. खऱ्या घटनेला खोटे चित्र जोडले की, पुढे चित्र खोटे ठरते तेव्हा लोक घटनेवरही संशय घेऊ लागतात. मुक्तिसंग्रामात ज्यांनी मार खाल्ला त्यांच्यावर हा अन्याय आहे. दुसऱ्याच वर्षी मी तो फलक उतरवला आणि सभेत माझी चूक सांगितली.

एक शेवटची गोष्ट. रणगाड्याचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण त्याला तेल, दारूगोळा, सुटे भाग पोचवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्यांचे नाव कोणी विचारीत नाही. या युद्धात भारतात चिलखती चाकांच्या गाड्या तयार झाल्या. सांगाडे कॅनडाचे होते, पण चिलखताचे पोलाद जमशेदपूरच्या टाटा कारखान्याचे. म्हणून त्यांना ‘टाटानगर’ असे नाव पडले. ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन स्वतः वाहतूक कामगारांचे पुढारी होते. त्यांच्या योजनेतून १९४१ पासून भारतीय तरुण कारागीर ब्रिटनमध्ये शिकायला गेले. लष्कराचे स्वतंत्र यांत्रिक दुरुस्ती दल १९४३ साली उभे राहिले. आमचे काका त्याच दलाच्या पुढच्या पिढीतले.

जालन्याच्या पोलाद भट्ट्यांत देशोदेशीचे भंगार येते. आमचा जुना कामगार तुकडा हातात घेऊन सांगतो, हा आस आहे, हा गिअरचा दात. तीच नजर छायाचित्रावर लावायची. घरी जुनी पेटी उघडाल तेव्हा पाठीमागे काही लिहिले आहे का ते आधी पाहा, चाके मोजा, दातेरी चाक शोधा, आणि जेवढे दिसते तेवढेच खाली लिहा. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे सहल काढाल तेव्हा मुलांना तोफेपाशी फोटो काढू द्या. पण नंतर त्यांना खाली वाकवून चाकेही मोजायला लावा.