निर्वासितांच्या घरचा लुका

फुटबॉलचा सामना पाहताना आपले लक्ष कोणाकडे असते? जो गोल करतो त्याच्याकडे. चेंडू जाळ्यात गेला की टाळ्या त्याला, हारतुरे त्याला. पण तो चेंडू त्याच्या पायापर्यंत आणून दिला कोणी, हे फारसे कोणी विचारत नाही. या पाठात आम्ही चेंडू आणून देणाऱ्या एका गड्याची हकिकत सांगणार आहोत. त्याचे नाव लुका मॉड्रिच. त्याचा देश क्रोएशिया.

आधी खेळ थोडा समजून घेऊ. कोल्हापूरकडच्या वाचकांना हे सांगायला नको, तिकडे पेठापेठांतून फुटबॉलचे संघ आहेत. बाकीच्यांसाठी सांगतो. प्रत्येक बाजूला अकरा गडी असतात. एक गोलाच्या तोंडाशी उभा राहतो. तो गोलरक्षक. त्याच्या पुढे काही गडी बचाव करतात. अगदी पुढचे गडी गोल करायला धावतात. आणि या दोघांच्या मध्ये जे असतात, ती मधली फळी.

मधल्या फळीचे काम काय? तुम्ही शेताला पाणी देता. विहिरीचे पाणी पाटात येते. पण पाट नुसता वाहून भागत नाही. खोरे घेऊन दारे धरणारा माणूस लागतो. कोणता वाफा भरला, कोणता कोरडा राहिला, पाणी कुठे फुटेल, हे तो आधीच पाहून ठेवतो. मग एक दार बांधतो, दुसरे फोडतो. मधल्या फळीचा गडी चेंडूची अशी दारे धरतो. चेंडू पायाशी आल्यावर विचार करायला लागला, तर उशीर झाला. तोवर समोरचा अंगावर येतो. म्हणून चांगला गडी चेंडू येण्याआधीच मान वळवून मागे-पुढे पाहून घेतो. आपला कोण मोकळा आहे, जागा कुठे आहे, हे डोक्यात पक्के असते. या कामाला दांडगे शरीर लागतेच असे नाही. नजर लागते, दम लागतो.

आता लुकाकडे वळू.

क्रोएशिया हा युरोपातला लहानसा देश. लोकवस्ती चाळीस लाखांच्या आतबाहेर. पूर्वी तो युगोस्लाव्हिया नावाच्या मोठ्या देशाचा भाग होता. या देशाच्या समुद्रकिनाऱ्यावर झादार नावाचे जुने शहर आहे. तिथून आत गेले की वेलेबित नावाचा डोंगर लागतो. त्या डोंगराच्या पायथ्याशी मॉड्रिच घराण्याची वाडी. लुका १९८५ साली ९ सप्टेंबरला जन्मला. आई-बाप दोघेही कपडे विणण्याच्या कारखान्यात कामाला. ते कामावर गेले की पोर आजोबांजवळ. आजोबांचे नावही लुकाच. त्यांचे दगडी घर होते, शेळ्या-मेंढ्या होत्या. चार-पाच वर्षांचा नातू त्यांच्या मागे मागे हिंडायचा, कळप वळायचा.

१९९१ साली क्रोएशियाने युगोस्लाव्हियातून वेगळे व्हायचे ठरवले. तिथे राहणाऱ्या सर्ब लोकांपैकी पुष्कळांना ते नको होते. युगोस्लाव्ह फौज त्यांच्या पाठीशी उभी राहिली. लढाई पेटली. वर्षानुवर्षे शेजारी राहिलेली माणसे एकमेकांवर बंदुका रोखू लागली. ही लढाई १९९५ पर्यंत चालली आणि तिच्यात हजारो माणसे गेली.

१९९१ च्या डिसेंबर महिन्यातली १८ तारीख. सर्ब बंडखोरांनी लुकाच्या आजोबांना घराजवळच गोळ्या घालून मारले. म्हातारा माणूस, हातात शस्त्र नाही, जनावरांपलीकडे कशात नाही. घरच्यांना गाव सोडून पळावे लागले. मागे घर जाळले गेले. लुका तेव्हा सहा वर्षांचा होता.

अशा रीतीने जीव वाचवण्यासाठी घरदार सोडावे लागलेल्या माणसांना आपण निर्वासित म्हणतो. कायद्याच्या पुस्तकात देशाची सीमा ओलांडणाऱ्यालाच हा शब्द लावतात. मॉड्रिच कुटुंब आपल्याच देशात, आपल्याच जिल्ह्याच्या शहरात आले होते. पण चूल विझली, दाराला कुलूप लावायलाही दार उरले नाही, त्या माणसाला सीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय!

झादारमध्ये निर्वासितांना हॉटेलांत ठेवले होते. हॉटेल म्हटल्यावर तुम्हाला चैन वाटेल. तसे नव्हे. पाहुण्यांनी यायचे बंद केले, म्हणून रिकाम्या खोल्यांत बेघर कुटुंबे भरली, एवढेच. आधी कोलोव्हारे आणि मग इझ, अशा दोन हॉटेलांत मिळून या कुटुंबाची बरीच वर्षे गेली. बाप सैन्यात विमानांच्या दुरुस्तीच्या कामाला लागला. पैशाची ओढ होतीच. शहरावर तोफगोळे पडत. भोंगा वाजला की पोरे तळघराकडे पळत. भोंगा थांबला की पुन्हा बाहेर.

बाहेर येऊन करायचे काय? हॉटेलापुढे मोटारी उभ्या करायची फरसबंदी जागा होती. लुका तिथे तासन् तास चेंडू खेळे. आई-बापांनी १९९२ साली त्याला शाळेत घातले आणि त्याच सुमारास झादारच्या फुटबॉल संघाच्या मुलांच्या वर्गातही घातले. ज्या घराला उद्याची भाकरी नक्की नव्हती, त्या घराने पोराच्या खेळासाठी पदराला खार लावून घेतला. आमच्या मते या हकिकतीतले हे मोठे काम आहे आणि ते वर्तमानपत्रांत कमी छापले जाते.

झादारच्या त्या वर्गाचे प्रमुख तोमिस्लाव बाशिच हे होते. मुलगा हाडकुळा, वयाच्या मानाने बुटका. पण त्याचा पाय चेंडूला लागला की चेंडू ऐकतो, हे बाशिचांनी ओळखले. लुका पुढे त्यांना खेळातला बाप मानू लागला.

स्प्लिट शहरात हायदुक नावाचा नामांकित संघ आहे. त्या किनाऱ्यावरच्या पोराचे स्वप्न म्हणजे हायदुक. लुकाला तिथे चाचणीसाठी नेले. त्यांनी पाहिले आणि परत पाठवले. अंगाने फार बारीक, एवढाच दोष. पोराचे मन इतके खट्टू झाले की खेळ सोडून द्यावा असे त्याला वाटू लागले. बाशिचांनी समजूत घातली, धीर दिला आणि पुन्हा मैदानावर उभे केले.

आम्ही शाळेत आयुष्य घालवले. कवायतीला मुलांना उंचीप्रमाणे उभे करतात, ते ठीक. पण पुष्कळ ठिकाणी खेळाचा संघही तसाच निवडतात. दांडगा पोरगा आत, किरकोळ पोरगा कपडे सांभाळायला. त्या पोराला चेंडू देऊन पाहिलेलेच नसते! हायदुकच्या माणसांनी निदान पाहिले होते, तरी त्यांचे डोळे शरीरावरच थांबले. आज लुकाची उंची सुमारे पाच फूट आठ इंच आहे. युरोपातल्या खेळाडूंत ही उंची बेताचीच.

बाशिचांच्या खटपटीने सोळाव्या वर्षी तो राजधानीच्या गावी, झाग्रेबला, दिनामो संघात गेला. तिथे लगेच मोठ्या संघात जागा मिळाली नाही. संघाने त्याला शेजारच्या बोस्निया देशात मोस्तार शहरी एका वर्षासाठी उसना दिला. (खेळाडू उसना देण्याची चाल तिकडे आहे. शिकतोही आणि पगारही दुसरा देतो.) मोस्तारचा जुना दगडी पूल १९९३ साली लढाईत पाडला गेला होता. लुका तिथे खेळत होता तेव्हा तो पुन्हा बांधणे चालू होते. बोस्नियातला खेळ म्हणजे धसमुसळा. मैदाने खडबडीत, समोरचे गडी पायावर लाथा घालणारे. अठरा वर्षांचा हा बारीक पोरगा त्यांच्यात टिकला. नुसता टिकला नाही, त्या देशातला त्या मोसमाचा उत्तम खेळाडू ठरला. जो इथे खेळू शकतो तो कुठेही खेळू शकेल, असे तो पुढे सांगत असे.

परत आल्यावर दिनामोने त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला. हातात पैसा आला. त्या पैशातून त्याने पहिली मोठी गोष्ट कोणती केली? झादारमध्ये आई-बापांसाठी घर घेतले. निर्वासित कुटुंबाला पुन्हा स्वतःचा उंबरा मिळाला.

पुढची वाट झपाट्याने गेली. दिनामोसाठी त्याने ओळीने तीन वर्षे देशातले विजेतेपद मिळवले. २००६ साली तो देशाच्या संघात आला. २००८ साली इंग्लंडच्या टॉटनहॅम संघाने त्याला १ कोटी ६५ लाख पौंड मोजून नेले. तिथेही लोक म्हणाले, हा फार नाजूक आहे. २०१२ साली स्पेनमधल्या रेयाल माद्रिद या बलाढ्य संघाने त्याला घेतले. पहिले काही महिने सूर लागला नाही. त्या वर्षाच्या शेवटी एका स्पॅनिश वृत्तपत्राने वाचकांचा कौल घेतला. वर्षातली सर्वांत वाईट खरेदी कोणती? वाचकांनी लुकाचे नाव दिले.

दीड वर्षाने, २०१४ च्या मे महिन्यात, युरोपातल्या सर्वांत मोठ्या चषकाचा अंतिम सामना होता. माद्रिद एका गोलाने मागे. नव्वद मिनिटे संपून गेली, वाया गेलेल्या वेळेची भरपाई चालू होती. कोपऱ्यावरून चेंडू मारायला लुका उभा राहिला. त्याने चेंडू असा उचलून दिला की रामोस नावाच्या गड्याने डोक्याने तो जाळ्यात घातला. बरोबरी झाली आणि जादा वेळात माद्रिदने सामना ४–१ असा जिंकला. टाळ्या रामोसला, हे सांगायला नकोच. हा चषक लुकाने माद्रिदच्या संघातून २०१४ ते २०२४ या काळात सहा वेळा जिंकला.

पण त्याची खरी कसोटी २०१८ साली रशियात झाली. तिथे जागतिक स्पर्धा होती आणि लुका क्रोएशियाचा कर्णधार होता. १ जुलैला डेन्मार्कशी गाठ पडली. १–१ अशी बरोबरी, जादा वेळही संपत आलेला. लुकाने मधूनच एक सरळ चेंडू सोडला. आपला गडी त्यावर धावून गोलाशी पोचला, तो त्याला मागून पाडले. पंचाने पेनल्टी दिली. म्हणजे गोलरक्षकासमोर बारा यार्डांवर चेंडू ठेवायचा आणि एकट्याने मारायचा. मारायला कर्णधारच पुढे आला. आणि डेन्मार्कच्या गोलरक्षकाने चेंडू अडवला!

सगळा देश कपाळाला हात लावून बसला असेल. आता निकाल पेनल्टींवरच लागणार होता. दोन्हीकडून पाच-पाच गड्यांनी पाळीपाळीने चेंडू मारायचा. थोड्याच वेळापूर्वी ज्याचा फटका अडवला गेला, तो त्यातून अंग काढून घेता, तरी कोणी नावे ठेवली नसती. लुका पुन्हा गेला. समोर तोच गोलरक्षक. या वेळी चेंडू आत गेला. क्रोएशियाचा गोलरक्षक सुबाशिच याने डेन्मार्कचे तीन फटके अडवले आणि सामना जिंकला. हा सुबाशिचही झादारचाच.

पुढे रशियाला पेनल्टींवर आणि इंग्लंडला जादा वेळात हरवून हा चिमुकला देश पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला. १५ जुलैला मॉस्कोत फ्रान्सने त्यांना ४–२ असे हरवले. बक्षिसे द्यायच्या वेळी धो धो पाऊस आला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून लुकाला सोन्याचा चेंडू मिळाला, पण चषक दुसऱ्याचा होता. तो भिजत उभा होता आणि तोंडावर हसू नव्हते. संघ झाग्रेबला परतला तेव्हा मात्र लाखो माणसे रस्त्यावर उतरली.

त्याच वर्षी डिसेंबरात त्याला जगातल्या उत्तम खेळाडूचा 'बालाँ द'ओर' हा मान मिळाला. त्याआधी दहा वर्षे हा मान मेस्सी आणि रोनाल्डो या दोघांखेरीज तिसऱ्या कोणाकडे गेला नव्हता. दोघेही गोलांच्या राशी घालणारे. यंदा तो दारे धरणाऱ्याच्या घरी गेला. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत क्रोएशिया तिसरा आला. तेव्हाही कर्णधार लुकाच, वय ३७.

आजोबांच्या मरणाबद्दल तो जाहीरपणे फार बोलत नाही. लोक विचारत राहतात, तो थोडक्यात आटपतो. त्याचे हे वागणे आम्हाला योग्य वाटते.

२०२५ च्या उन्हाळ्यात तेरा वर्षांनी त्याने माद्रिद सोडले. तोवर त्या संघातून त्याने लहानमोठे २८ चषक जिंकले होते. त्या संघाच्या इतिहासात दुसऱ्या कोणत्याही गड्याने इतके जिंकलेले नव्हते. मग तो इटलीतल्या मिलान संघात गेला. त्या सप्टेंबरात त्याला चाळीस वर्षे पूर्ण झाली. बरोबरचे बहुतेक गडी केव्हाच घरी बसले होते. हा अजून मैदानाच्या मध्यावर उभा राहून, चेंडू यायच्या आधी मान वळवून पाहत होता.