उक्तं काम आणि कच्चा शब्द

घराचं रंगकाम किंवा फरशी काढली की आपल्याकडे व्यवहार कसा ठरतो? मिस्त्री येतो, भिंतीवर हात फिरवतो, एक आकडा सांगतो. आपण थोडी घासाघीस करतो, हातावर उचल ठेवतो, चहा होतो. झाला करार! कागदाचं नाव काढलं तर त्याला वाटतं, साहेबांचा आपल्यावर विश्वास नाही. आपणही ओशाळतो.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. तिथं सख्खा भाऊ जामीन राहिला तरी त्याची सही घेतात आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. मग घरी येणाऱ्या कारागिराशीच कागद का नको?

तोंडी कराराला कायद्यात किंमत नाही, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा तोंडी करारही मानतो. त्याचं कलम ७० तर सांगतं, की फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी तुमच्यासाठी कायदेशीरपणे काम केलं आणि त्याचा लाभ तुम्ही घेतलात, तर मोबदला द्यावा लागतो. अडचण येते ती पुराव्याची. काय ठरलं होतं, हे सांगणारं तिसरं माणूस नसतं.

भांडण मूळ आकड्यावरून क्वचितच होतं. ते होतं 'आता आलाच आहात तर' या चार शब्दांवरून. 'आता आलाच आहात तर तेवढं मोरीचंही बघा.' आपल्या लेखी ते उक्त्या कामातलंच. त्याच्या लेखी ज्यादा काम. शेवटच्या हप्त्याला दोघंही आपापल्या परीनं खरे असतात. मार बसतो तो त्याला. आपली नुसती कुरबुर होते. त्याला मात्र गवंडी-बिगाऱ्यांची मजुरी चुकती करावीच लागते.

यावर वहीचं एक पान पुरतं. काम कोणतं, सामान कुणाचं, मुदत किती, ज्यादा कामाचा दर काय, पैसे कोणत्या टप्प्याला. घरबांधणीचं कर्ज बँकही कामाच्या प्रगतीप्रमाणेच देते. उशिराबद्दल दंड लिहायचा तर बेतानं लिहा. कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. खाली दोघांच्या सह्या, आणि एक प्रत त्याच्या हाती.

माणसाची आठवण स्वतःच्या बाजूला झुकते, तुमचीही आणि त्याचीही. पुढच्या दिवाळीआधी त्याच मिस्त्रीला हक्कानं हाक मारता यावी आणि त्यानंही हसत यावं, एवढ्यासाठी ते पान.